उजळाईवाडीचा वळीव आणि एक उभं विमान

मे महिन्यातला शुक्रवार. बारामतीहून निघालेलं सेसना १७२ एस जातीचं चार आसनी विमान साधारण ९५ नॉटिकल मैल उडून सकाळी ११.२० ला कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरलं. वारा पश्चिमेचा, १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. वैमानिकाने विमान एप्रनच्या, म्हणजे विमानं उभी करायच्या काँक्रीटच्या पटांगणाच्या, कडेला पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं, कंट्रोल लॉक लावला, मुख्य चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवर टोपी चढवली आणि तो सोबतच्या प्रवाशाला घेऊन शहरात गेला. अंबाबाईचं दर्शन, मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी परत, असा बेत होता.

साडेचारच्या सुमारास हुपरीच्या बाजूला आभाळ काळवंडलं. ५.०५ ला पाऊस येण्याआधीच धुळीची भिंत आली आणि पूर्वेकडून ४२ नॉटचा झोत बसला. उजव्या चाकामागचा ठोकळा उडाला. विमान जागच्या जागी गिरकी घेऊन फिरलं आणि डाव्या पंखाचं टोक जवळच्या सामानाच्या ट्रॉलीवर आदळलं. पंखाच्या टोकाचं आवरण फुटलं, डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता पट्टा) वाकलं, रडरचा (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचा) स्टॉप, म्हणजे त्याला मर्यादेत अडवणारा खुंटा, दबला. माणसाला इजा नाही. विमान मात्र १९ दिवस अडकून पडलं.

यातली माणसं, तो दिवस आणि पुढचा पत्रव्यवहार अभ्यासासाठी कल्पनेने उभा केलेला आहे, आणि एप्रनवर छोटी विमानं दोराने जमिनीला बांधायच्या कड्या नाहीत असं धरलं आहे. विमान, वारा, माती आणि नियम मात्र जसे आहेत तसेच ठेवले आहेत. असं पुन्हा होऊ नये म्हणून बांधणीची सोय करून घेण्याचं काम जिल्ह्यातल्या चार अनुभवी वैमानिकांनी स्वतःहून अंगावर घेतलं: एअरलाइनमधून निवृत्त झालेले एक कॅप्टन, हवाई दलातून आलेले एक हेलिकॉप्टर वैमानिक, एक उड्डाण प्रशिक्षक आणि शिरोलीत फाउंड्री असलेले एक खासगी परवानाधारक. त्यांनी काय केलं, कुठे चुकले आणि काय साधलं, ते पुढे मांडलं आहे.

विमान फिरलं कसं

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: एवढं लोखंडी धूड वाऱ्याने कसं हलतं? ते लोखंडी नसतं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं असतं. १७२ एसचं रिकामं वजन सुमारे ७५४ किलो. टाकीत ११० लिटर ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) उरलं असेल तर लिटरला ०.७२ किलोच्या हिशेबाने ७९ किलो. म्हणजे ८३३ किलोचं यंत्र, त्याला ११ मीटरचे पंख, आणि त्या पंखांचं कामच उचलण्याचं. पूर्ण भरलेल्या, ११५७ किलोच्या विमानाचा फ्लॅप (पंखामागचे खाली झुकणारे पट्टे) न उघडता स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंख वजन पेलू शकत नाहीत तो वेग, ५३ नॉट आहे. वजन घटलं की हा वेग वजनांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने घटतो. ८३३ किलोला तो जवळपास ४५ नॉट येतो, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर. पंखाचा कोन वाऱ्याला पुरेसा वर झाला, तर ४५ नॉटच्या झोतात हे विमान स्वतःचं सगळं वजन उचलू शकतं. ३२ नॉटमध्ये निम्मं उचलतं, आणि चाकांची जमिनीवरची पकडही तेवढीच उरते.

उभ्या विमानाच्या पंखाचा कोन सहसा इतका नसतो, त्यामुळे समोरून येणारा स्थिर वारा ते बराच सोसतं. या प्रकरणात वारा समोरून आला नाही, शेपटीकडून आला. शेपटीवरचा उभा फिन मुख्य चाकांच्या खूप मागे असतो, म्हणून विमानाचा स्वभाव वातकुक्कुटासारखा: नाक वाऱ्याकडे वळवायचं. शेपटीवर झोत बसला की ते आपसूक वळायला लागतं. वळताना मधल्या स्थितीत वारा एका बाजूने पंखाखाली शिरतो, त्या बाजूचं चाक हलकं होतं, ठोकळा सुटतो आणि उरलेली गिरकी पूर्ण होते. ठोकळे चाकाला पुढे-मागे सरकू देत नाहीत. बाजूला घसरणाऱ्या किंवा उचलल्या गेलेल्या चाकापुढे त्यांचा काही उपयोग नाही.

कोल्हापूरच्या भूगोलाची अडचण नेमकी इथे आहे. धावपट्टी ०७/२५, म्हणजे पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य. उन्हाळ्यात दिवसभर घाटाकडून पश्चिमेचा वारा असतो, त्यामुळे पाहुणा वैमानिक शिकल्याप्रमाणे पश्चिमेला तोंड करून विमान लावतो. वळीव बहुतेकदा पूर्वेकडून चढून येतो, आणि ढगातून खाली कोसळलेली थंड हवा पावसाच्या बरीच पुढे जमिनीलगत धावते. दुपारी बरोबर लावलेलं विमान संध्याकाळी उलटं ठरतं. ही गोष्ट इथल्या शेतकऱ्याला माहीत असते, बारामतीहून आलेल्या वैमानिकाला नसते. नकाशावर ती कुठेच लिहिलेली नाही.

कंट्रोल लॉकबद्दलही एक गैरसमज आहे. १७२ मध्ये तो एलेरॉन आणि एलेव्हेटर (शेपटीचा आडवा हलता पट्टा) जखडतो, रडर जखडत नाही. रडर नाकाच्या चाकाच्या सुकाणूला जोडलेला असल्यामुळे थोडा धरला जातो, पण शेपटीकडून झोत आला की तो स्टॉपवर आपटतो. म्हणूनच स्टॉप दबला. वरून किरकोळ दिसणारी ही खूण परवानाधारक इंजिनिअरने तपासल्याशिवाय विमान उडवणं धोक्याचं आहे, कारण दबलेला स्टॉप रडरला नेमलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ देतो.

इशारा होता, पोहोचला नाही

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट ३ मध्ये विमानतळासाठीच्या हवामान इशाऱ्याची व्याख्याच अशी आहे: जमिनीवरच्या, उभ्या करून ठेवलेल्यांसह, विमानांना बाधक ठरेल अशी हवा. म्हणजे हा इशारा उभ्या विमानासाठीच असतो. तो टॉवरला जातो, विमानतळाच्या कामकाज विभागाला जातो, कंपन्यांच्या कचेऱ्यांना जातो. कंपनीचा माणूस लगेच शिड्या, ट्रॉल्या बांधून घेतो. खासगी विमानाची तिथे कचेरी नसते. त्याचा वैमानिक शहरातल्या महाद्वार रोडवर असतो आणि त्याचा फोन नंबर उड्डाण आराखड्याच्या कागदात.

दुसरी गाठ चौकशीची. परिशिष्ट १३ मध्ये अपघाताची व्याख्या, उड्डाणाच्या हेतूने माणूस विमानात चढल्यापासून उतरेपर्यंतच्या काळाशी बांधलेली आहे. रिकाम्या उभ्या विमानाचं नुकसान त्या व्याख्येत बसत नाही. असं नुकसान विम्याच्या फाइलमध्ये जातं आणि तिथेच राहतं. पुढच्या वर्षी दुसरा वैमानिक त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून विमान लावतो. स्वयंसेवकांच्या कामाची खरी गरज इथे आहे, कारण ही नोंद ठेवणं कुणाच्याच नोकरीत बसत नाही.

पहिलं पत्र आणि त्याची चूक

अमेरिकेत एअरक्राफ्ट ओनर्स अँड पायलट्स असोसिएशन १९३९ साली स्थापन झाली. कोल्हापूरचा विमानतळही छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात त्याच वर्षी सुरू झाला. त्या संघटनेने १९९७ पासून एअरपोर्ट सपोर्ट नेटवर्क चालवलं आहे: एका विमानतळाला तिथलाच एक वैमानिक स्वयंसेवक. त्याने व्यवस्थापनाशी बोलतं राहायचं आणि अडचण मोठी होण्याआधी ओळखायची. आपल्या चौघांनी कल्पना तिथूनच उचलली. सुरुवात मात्र चुकीची केली.

त्यांचं पहिलं पत्र सात पानांचं होतं. त्यात बांधणीच्या कड्या होत्या, ॲव्हगॅस होतं, पार्किंगचं शुल्क होतं, हँगर होतं, सुरक्षा तपासणीला लागणारा वेळ होता, आणि शेवटच्या पानावर जनरल एव्हिएशनकडे (छोट्या, खासगी विमानांच्या उड्डाणांकडे) देशभर कसं दुर्लक्ष होतं याचा परिच्छेद. प्रत्येक मुद्दा खरा होता. पण इतक्या मुद्द्यांचं पत्र तितक्याच टेबलांवर जावं लागतं, आणि सगळ्या टेबलांची सही झाल्याशिवाय उत्तर निघत नाही. दोन महिने उत्तर आलं नाही. यात कुणाची टाळाटाळ नव्हती. त्या पत्राला उत्तर देता येईल असा एकही अधिकारी त्या रचनेत नव्हता.

दुसरी मोहात पाडणारी वाट होती विमानतळ सल्लागार समितीची. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर स्थानिक खासदारांच्या अध्यक्षतेखाली ही समिती असते. हेलिकॉप्टरवाले कॅप्टन म्हणाले, “तिथे गेलो की कड्यांचा विषय मुंबईच्या फ्लाइटच्या वेळेखाली दबेल.” त्यांचं बरोबर होतं. समितीत प्रवाशांचे प्रश्न येतात आणि यायलाच हवेत. जमिनीत कुठे काय पुरायचं हा तांत्रिक निर्णय असतो आणि तो विमानतळ संचालकांच्या कचेरीतच, अभियांत्रिकी, कामकाज आणि सुरक्षा या तिघांच्या संमतीने होतो.

दुसरं पत्र एका पानाचं आणि एका नकाशाचं. मागणी एक: छोट्या विमानांसाठी बांधणीच्या दोन जागा. सोबत वर दिलेला ४५ नॉटचा हिशेब, नुकसानीचे चार फोटो, आणि कोणती गोष्ट मागत नाही याची एक ओळ: एप्रनच्या काँक्रीटला हात लावायचा नाही. ही शेवटची ओळ सगळ्यात जास्त कामाची ठरली. नऊ दिवसांत बैठकीचं बोलावणं आलं.

कड्या कुठे आणि कशा

बैठकीत पहिला आक्षेप अभियांत्रिकीचा होता, आणि तो रास्त होता. एप्रनचा काँक्रीट स्लॅब ठरावीक भारासाठी आणि ठरावीक सांध्यांनी ओतलेला असतो. त्यात भोक पाडलं की पाणी खाली जातं, कड फुटते, फुटलेला खडा इंजिनात जातो. सैल साखळ्या पडल्या तरी तोच धोका. म्हणून जागा एप्रनच्या बाहेर, गवताच्या पट्ट्यात शोधली. तिथे दोन अंतरं सांभाळावी लागली. विमानांचे पंखविस्तारानुसार कोड असतात. कोड सी विमानांच्या टॅक्सीवेच्या (धावपट्टीकडे ये-जा करायच्या वाटेच्या) मध्यरेषेपासून कुठलीही वस्तू २६ मीटरच्या आत नको. एटीआर ७२ या प्रवासी विमानाचा पंखविस्तार २७ मीटर आहे आणि ते याच कोडमध्ये येतं. आणि ‘कोड ए’, म्हणजे सगळ्यात लहान गटाच्या, दोन उभ्या विमानांत किमान ३ मीटर मोकळे हवेत. ११ मीटर पंखाच्या विमानाला म्हणून १४ मीटर रुंदीची जागा आखली.

मग मातीचा प्रश्न. उजळाईवाडीच्या पठारावर मुरूम आहे तसे काळ्या मातीचे पट्टेही आहेत. लोखंडी खुंट्या ठोकून भागेल असं प्रशिक्षकांचं मत होतं. वैमानिक सोबत बाळगतात त्या किटमध्ये खुंट्याच असतात. काळ्या मातीत ते चालत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि खुंटीभोवती बोटभर फट पडते. पहिल्या पावसात फुगते आणि खुंटी वर ढकलते. वळीव नेमका या दोन अवस्थांच्या मध्ये येतो: वर चिखल, खाली भेग. हाताने खुंटी हलवून बघितली तर घट्ट वाटते, झोतात उपटून येते.

अमेरिकेच्या विमान प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार एका इंजिनाच्या विमानासाठी प्रत्येक नांगर (दोर ज्याला बांधतात तो जमिनीतला आधार) किमान ३००० पौंड, म्हणजे १३६० किलो ओढ सोसणारा हवा. सेसनाच्या पुस्तकात दोरासाठी ७०० पौंडांचा आकडा आहे. तो दोराचा किमान आकडा, जमिनीतल्या नांगराचा नव्हे. ही गल्लत बैठकीतही झाली. चौघांनी मोठा आकडा धरला आणि मातीच्या पकडीचा भरवसा शून्य मानला. नुसत्या वजनावर १३६० किलो हवेत तर ०.९ × ०.९ × ०.७ मीटरचा काँक्रीटचा ठोकळा लागतो: ०.५६७ घनमीटर, घनमीटरला २४०० किलो. एका जागेला चार ठोकळे, दोन पंखांना, एक शेपटीला आणि वळवामुळे एक नाकाला. दोन जागांचे आठ, एकूण साडेचार घनमीटर. एम २० दर्जाच्या काँक्रीट मिश्रणाला सुमारे ३६ पोती सिमेंट. खड्ड्यातली काळी माती पूर्ण काढून भोवती मुरूम ठोकून भरायचा, ही अट नकाशावर लाल शाईने लिहिली.

कडीवरून थोडी चर्चा झाली. फाउंड्रीवाल्यांनी बिडाच्या कड्या फुकट ओतून द्यायची तयारी दाखवली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मागे घेतली. बीड दाबाला भक्कम असतं, पण झटक्याच्या ओढीला ठिसूळ. वाऱ्यात दोर सतत झटके देतो. त्याऐवजी २० मिमीची सौम्य पोलादाची सळई इंग्रजी यू सारखी वाकवून, जस्ताचा मुलामा देऊन, ठोकळ्यात पुरली. तिचं डोकं जमिनीच्या पातळीखाली, १५ सेंमीच्या खोलगट वाटीत, म्हणजे गवत कापायचं यंत्र अडत नाही. वाटीच्या तळाला खडी भरलेलं निचऱ्याचं भोक. हे भोक राहून गेलं तर वाटीत पाणी साचतं, आणि जस्त असलं तरी दोन पावसाळ्यांत गंज धरतो.

या जागेवर इंजिन सुरू करायचं नाही, ही अट कामकाज विभागाने घातली आणि चौघांनी आनंदाने मान्य केली. १७२ च्या प्रोपेलरखाली जेमतेम २८ सेंमी जागा असते. मुरमावर इंजिन चालवलं की खडे वर ओढले जाऊन पात्यांच्या कडेला खवले पडतात, आणि अशा खवल्यातूनच पुढे तडा जातो. टो-बार (नाकाच्या चाकाला लावायचा दांडा) लावून दोन माणसांनी विमान हाताने ढकलायचं.

दोर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या सुधारायला सगळ्यात कमी खर्च येतो. काथ्याचा किंवा अंबाडीचा दोर नको. ओला झाला की आखडतो. गाडीवर कडब्याचा भारा आवळलेल्याला हे सांगावं लागत नाही. आखडलेला दोर पंखाच्या कडीला खाली ओढत राहतो. बाजारातला निळा-पिवळा पॉलिप्रोपिलीनचा दोर उन्हात काही महिन्यांत ठिसूळ होतो. १२ मिमीचा नायलॉन घ्यावा आणि दरवर्षी बदलावा. गाठ बोलाइनची, म्हणजे ताण आला तरी न सरकणाऱ्या फाशाची. कुठलीही गाठ दोराची ताकद बरीच खाते, म्हणून दोराची ताकद गरजेपेक्षा चांगली दुप्पट धरायची.

बांधताना दोर तारेसारखा ताणायचा नाही. साधारण एक इंच, अडीच सेंटिमीटर, हलायला जागा ठेवायची. पूर्ण ताणला तर विमान वाऱ्यात हलताना सगळा झटका कडीवर येतो, फार सैल सोडला तर विमान वेग घेऊन मग अडतं आणि झटका आणखी मोठा बसतो. दोर पंखाच्या कडीलाच बांधायचा. स्ट्रटला (पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याला) मध्यभागी गुंडाळला तर खाली सरकतो आणि स्ट्रट वाकवतो.

दोरापर्यंत पोहोचणार कोण

सुरक्षा विभागाचा मुद्दा चौघांच्या ध्यानातच आला नव्हता. वळीव चढताना आपल्यापैकी जो जवळ असेल तो जाऊन विमान बांधेल, अशी त्यांची योजना होती. एप्रनवर जायला विमानतळ प्रवेश पास लागतो. अनुभवाचे दहा हजार तास गाठीशी असले, तरी पासाविना निवृत्त कॅप्टन फाटकाबाहेरचाच. पास मागत बसण्यात वर्ष गेलं असतं, आणि दर वेळी चौघांपैकी कुणी जवळ असेलच याचीही खात्री नव्हती.

मग योजना उलटी केली. जे आधीच आत असतात त्यांनाच बांधायला शिकवायचं. दोन तासांचं प्रात्यक्षिक, दोन पाळ्यांसाठी दोनदा. ठोकळे कसे लावायचे, कड्या कुठे असतात, बोलाइन कशी बांधायची, कुठे हात लावायचा नाही: प्रोपेलर, एलेरॉन, पंखाची मागची कड. आठ दोर, आठ रबरी ठोकळे आणि एक चित्रांची पाटी अशी पेटी अग्निशमन केंद्रात ठेवली. पहिल्या प्रात्यक्षिकात एका जवानाने बोलाइन एका हाताने मारून दाखवली. बचावाच्या प्रशिक्षणात तो ती शिकला होता. त्याच्याकडेच पेटीची जबाबदारी गेली.

फोनचा प्रश्न एका कार्डाने सुटला. पार्किंगच्या फॉर्मबरोबर वैमानिकाने एक कार्ड भरायचं: मुक्कामाचा पत्ता, दोन नंबर, आणि “मी पोहोचू शकलो नाही तर विमान बांधायला माझी संमती आहे” या ओळीखाली सही. ही सही महत्त्वाची. तिच्याशिवाय कर्मचारी दुसऱ्याच्या विमानाला हात लावायला कचरतात, आणि त्यांचं चुकत नाही. बांधताना काही वाकलं तर भरपाई कुणी द्यायची हा वाद उभा राहतो. हवामानाचा इशारा आला की टॉवरमधून कामकाज विभागाला, तिथून कार्डावरच्या नंबरला. पंधरा मिनिटांत उत्तर नाही आलं तर पेटी बाहेर काढायची.

जागा अधिकृत नकाशावर यायला वेळ लागतो. वैमानिकी माहितीपत्रकातले असे बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने निघतात, आणि त्याआधी विमानतळाच्या नियमपुस्तिकेत दुरुस्ती आणि सुरक्षेचं मूल्यमापन करावं लागतं. तोवर प्रशिक्षकांनी आसपासच्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांना अर्ध्या पानाची सूचना पाठवली: मार्च ते जून कोल्हापूरला दुपारनंतर मुक्काम असेल तर वारा कुठूनही असो, नाक पूर्वेकडे करा, चारही दोर बांधा, कार्ड भरा.

ॲव्हगॅस, शुल्क, हँगर हे पहिल्या पत्रातले बाकीचे मुद्दे अजून तसेच आहेत. चौघांनी ते एकेक पानावर वेगळे लिहून ठेवलेत आणि एका वेळी एकच पुढे करायचा असं ठरवलं आहे.

दोनपैकी पश्चिमेकडच्या जागेवर शेपटीचा ठोकळा काळ्या मातीच्या पट्ट्यात आला आहे. तिथे मुरूम कमी भरला गेला, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्याचं डोकं चार सेंटिमीटर वर आलेलं आढळलं. फाउंड्रीवाल्यांनी त्यावर तांबडा पट्टा ओढून घेतला. दिवाळीनंतर जमीन वाळली की तो उकरून पुन्हा बसवायचा आहे, आणि तोवर त्या जागेवर विमान लावायचं नाही, अशी पाटी पेटीच्या झाकणावर चिकटवलेली आहे.